अमेरिकी तुरुंगातील मारहाणीविरुद्ध दिवाणी दावा : पात्रता, कागदपत्रे आणि हमखास चुकणारी मुदत

अमेरिकेतील राज्याच्या किंवा काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगात पहारेकऱ्यांनी अवाजवी बळ वापरल्यास कैद्याला कलम १९८३ खाली (नागरी हक्कांच्या भंगाबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावू देणारे फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याचे कलम) फेडरल जिल्हा न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो. शिक्षा झालेल्या कैद्याला हे बळ शिस्तीसाठी नव्हे, तर इजा करण्याच्याच हेतूने वापरले गेले, असे दाखवावे लागते; कच्च्या कैद्याला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या किंग्स्ली निकालानुसार, ते वस्तुनिष्ठ दृष्टीने गैरवाजवी होते एवढे सिद्ध केले तरी पुरते. जखम किरकोळ आहे म्हणून दावा सोडू नये.

अनेक दावे अडतात ते तुरुंगातल्या तक्रारीवर. कैद्यांच्या दाव्यांवर निर्बंध घालणाऱ्या १९९६ च्या फेडरल कायद्यानुसार अंतर्गत तक्रार शेवटच्या अपिलापर्यंत नेल्याशिवाय दावा चालत नाही, मग त्या प्रक्रियेत पैशांची भरपाई मिळण्याची सोय नसली तरीही. दाव्याची मुदत वर्षांत मोजतात (कॅलिफोर्नियात २, न्यूयॉर्कमध्ये ३, टेनेसीत १) आणि तीच ध्यानात ठेवून लोक निर्धास्त राहतात. तक्रारीची मुदत मात्र दिवसांत असते, टेक्सासमध्ये अवघे १५. ती हुकली की तक्रार केलीच नाही असे धरले जाते, हे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मार खाऊन एकांत कोठडीत पडलेल्या माणसाकडून ही तत्परता मागणे निष्ठुर आहे, पण नियम असाच आहे. तक्रार अर्जाचा नमुना देण्यास नकार मिळाला किंवा धमकी मिळाली, तर तो मार्ग उपलब्धच नव्हता असे म्हणता येते. त्यासाठी कोणी, कधी, काय म्हटले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि प्रत्येक तक्रारीची प्रत जपावी.

दावा दाखल करण्याचे ३५० डॉलरचे शुल्क गरीब कैद्यालाही माफ होत नाही, हप्त्यांनी कापले जाते. हप्त्यांच्या अर्जासोबत कैद्याच्या तुरुंगातील पैशांच्या खात्याचा मागील ६ महिन्यांचा प्रमाणित उतारा लागतो. तो देणारे कार्यालय तुरुंगाचेच असल्याने मागणी लवकर आणि लेखी करावी. आधीचे तीन दावे निराधार ठरून फेटाळले गेले असतील, तर गंभीर इजेचा तातडीचा धोका असल्याशिवाय हप्त्यांची सवलत मिळत नाही.

प्रतिवादी म्हणून राज्य किंवा तुरुंग खाते लिहू नये, भरपाईचा असा दावा टिकत नाही. पहारेकऱ्यांची नावे लिहावीत. नाव माहीत नसेल तर पाळी, जागा, वेळ आणि वर्णन द्यावे, आणि दाव्याची मुदत संपण्याआधीच खरे नाव मिळवण्याचा प्रयत्न करावा.