कोरब्याचं ॲल्युमिनियम आणि कोसळलेली चिमणी

ॲल्युमिनियमचा कारखाना वाढवायचा म्हणजे आधी विजेची सोय वाढवायची. छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या 'बाल्को'चा (भारत ॲल्युमिनियम कंपनीचा) इतिहास त्याच अंगाने वाचावा लागतो.

१९६५ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचे ५१ टक्के शेअर २००१ मध्ये स्टरलाइट या खासगी कंपनीने ५५१.५ कोटी रुपयांना घेतले. कामगारांनी ६७ दिवस संप केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, विक्री कायम राहिली. तेव्हा वर्षाला एक लाख टन धातू काढण्याची क्षमता होती. पुढे ती साडेपाच लाखांवर गेली.

हा धातू पॉटमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोठ्या कुंडात, तयार होतो. साडेनऊशे अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) विरघळवतात आणि त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडतात. दाब जेमतेम चार-पाच व्होल्ट, प्रवाह मात्र लाखो अँपिअर. एका किलोला सुमारे १४ युनिट वीज लागते, म्हणजे एखाद्या लहान कुटुंबाची तीन-चार दिवसांची. साडेपाच लाख टनांचा हिशेब मांडला, तर जवळजवळ ९०० मेगावॉट वीज वर्षभर अखंड हवी. काही तास ती गेली की पॉटमधला द्रव गोठतो आणि पॉटलाइन, म्हणजे पॉटची सगळी रांग, पुन्हा सुरू करणं महागात पडतं. म्हणून ग्रिडच्या भरवशावर न राहता कंपन्या स्वतःचं वीज केंद्र उभारतात.

बाल्कोनेही १,२०० मेगावॉटचं केंद्र हाती घेतलं. कोळशाचा धूर उंचावर विरावा म्हणून त्याला २७५ मीटरची चिमणी लागणार होती. २३ सप्टेंबर २००९ रोजी, बांधकाम २४० मीटरच्या आसपास पोहोचलं असताना, वादळी पावसात ती कोसळली. खाली आडोशाला थांबलेल्यांसह किमान ४० कामगार गेले. मुख्य कंत्राट चिनी कंपनीकडे, चिमणीचं काम तिच्या भारतीय उपकंत्राटदाराकडे, आणि मजूर बरेचसे परप्रांतातून आलेले.

विजेचा लोळ पडल्याचं कारण तेव्हा पुढे आलं. मला ते पटत नाही. इतक्या उंच बांधकामाचं डिझाइन करताना वारा आणि वीज गृहीतच धरलेली असते. सळ्यांना अर्थिंग असतं. वीज पडून काँक्रीटचा टवका उडेल, पण धडधाकट मनोरा मुळापासून बसत नाही. त्यामुळे आधी तपासायचं ते काँक्रीट पुरेसं मुरलं होतं का, साहित्य कसं होतं आणि पाया किती पक्का होता. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला.

मेलेल्यांपैकी कुणाच्याही अंगावर वितळलेला धातू सांडला नव्हता. पॉटरूममधल्या धोक्यांसाठी कारखान्यांकडे नियम आणि सराव असतात. कोरब्यात माणसं मेली ती विस्ताराच्या बांधकामावर, कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची.