सार्वजनिक वाहतूक आणि हवेचे प्रदूषण (कोल्हापूर)

खासगी गाड्यांवरचा रोजचा प्रवास बस, एसटी आणि रेल्वेकडे वळवून शहराच्या हवेतील धूर व धूळ कमी करण्याचा उपाय. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचेही नाव आहे. रंकाळ्यावरच्या वाऱ्याचे कौतुक सांगणाऱ्या शहराला हे पचायला जड जाते.

शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड ही येथील हवा मोजण्याची ठिकाणे. विद्यापीठ मोकळ्या माळावर, तर महाद्वार रोड ऐन बाजारपेठेत. दोन्हीकडची हवा सारखी असणार नाही. प्रश्न मुख्यतः धूलिकणांचा आहे. पीएम १० म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण. त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर त्याहून बारीक पीएम २.५ची ४०. हे कण फक्त सायलेन्सरमधून येत नाहीत. टायर-ब्रेकची झीज होते आणि उखडलेल्या रस्त्यावरची माती चाकांमागे पुन्हा उडते. त्यामुळे उद्या सगळ्या दुचाकी विजेवर धावल्या तरी ही धूळ राहीलच. रस्त्यावरच्या गाड्याच कमी व्हायला हव्यात. चाळीस प्रवाशांची बस भरून गेली, तर वीस ते चाळीस दुचाकी घरी राहू शकतात. रिकामी फिरणारी डिझेल बस मात्र धुरात भरच घालते.

शहर बससेवा महापालिकेचा परिवहन उपक्रम चालवतो. लोकांच्या तोंडी ती ‘केएमटी’. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, पण रोजची ये-जा हद्दीत मावत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांच्या पाळ्या आणि भोवतालच्या गावांतले विद्यार्थी याच रस्त्यांवर येतात. बस चुकल्यावर पुढची कधी येईल याचा भरवसा नसेल, तर माणूस गाडीला किक मारतो. प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की उरलेलेही जातात. मधली जागा वडापवाले, म्हणजे खासगी जीपमधून प्रवासी नेणारे, घेतात. वडापला नावे ठेवणे सोपे, पण सीट भरेपर्यंत थांबणारी ती जीप लोकांना निदान समोर उभी दिसते.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत (२०२३) कोल्हापूरला १०० विद्युत बस मंजूर झाल्या. बसच्या धुराचा प्रश्न त्यातून सुटतो, थांब्यावरच्या ताटकळण्याचा नाही. शिवाय पापाची तिकटी ते बिनखांबी गणेश मंदिर या पट्ट्यात मोठी बस वळवायची म्हणजे चालकाचीच परीक्षा. पेठांसाठी लहान बस आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांसाठी शहराबाहेर वाहनतळ, तेथून थेट फेरी, अशी जोडणी तिथे जास्त उपयोगी.

रेल्वेचा विचार या चर्चेत क्वचित होतो. मिरजेहून येणारा लोहमार्ग १८९१ पासून आहे. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी ही स्थानके त्याच वाटेवर. स्थानकापासून मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही सकाळी याच गावांहून येणाऱ्या दुचाकींची रांग महामार्गावर लागते.