आवारातलं ते हिरवंगार झाड नेमकं कोणतं?

जुनं घर घेतलं, झाड सोबत मिळालं, पण त्याचं नाव कोणालाच सांगता येत नाही. असे ग्राहक आमच्या रोपवाटिकेत नेहमी येतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एका पानाचा फोटो असतो. खरं सांगतो, एकट्या पानावरून आम्हीही फसतो.

मागच्या उन्हाळ्यात प्रताप नगरचे एक काका आले. "चिकूला तीन वर्षं झाली पाणी देतो, फळच धरत नाही." सोबत आणलेली फांदी मोडली, पांढरा चीक निघाला. तो चिकूलाही असतो. पण चिकूची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यात येतात. इथे ती फांदीभर एकाआड एक होती आणि कडा लाटेसारख्या. विचारलं, सकाळी झाडाखाली चांदणीसारखी बारीक फुलं पडतात का? "पडतात ना, आमची ही रोज झाडून काढते!" बकुळ होती ती. चिकू, बकुळ, खिरणी एकाच कुळातली, म्हणून गोंधळ होतो. खिरणीचं पान टोकाला खाचलेलं असतं.

सप्तपर्णी सोपी: एका जागी गोलाकार पाच ते सात पानं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी डोकं धरायला लावणारा वास. कंपाउंडलगतचा सरळसोट 'अशोक' हा बहुधा आसुपालव असतो; सीता-अशोकाला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. अरुंद लांब पानं आणि पिवळी घंटेसारखी फुलं असतील तर ती बिट्टी. तिचं सगळं अंग विषारी, बियासुद्धा. लहान मुलं असतील तर आधी आम्हाला फोन करा.

नाव कळेपर्यंत खत घालू नका. सदाहरित झाडाचीही जुनी पानं पिवळी होऊन गळतात, विशेषतः नवी पालवी फुटताना. ती पाहून घाबरून युरिया टाकणारेच जास्त.

पाण्याचं मात्र बघावं लागतं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि मुळं उघडी पडतात. भेगा शेणखत-मातीने बुजवा, वर तीन-चार इंच वाळक्या पानांचा थर द्या, पण खोडाला चिकटू देऊ नका. आळं खोडाशी नको. दुपारी बारा वाजता सावलीची कड पडते तिथे करा. रोज शिंपडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी भरपूर द्या. पावसाळा लागला की आळं फोडा, नाहीतर हीच माती पाणी धरून मुळं कुजवते. फरशी बसवणार असाल तर खोडाभोवती चारही बाजूंनी किमान मीटरभर माती मोकळी सोडा.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, छाटणी नको, उघडी पडलेली साल करपते. छाटलेल्या जागेवर संत्र्याच्या बागेत लावतात तीच बोर्डो पेस्ट चालते: मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको, आणि त्याच दिवशी संपवा.

झाड तोडायचंच असेल तर, ते स्वतःच्या आवारात असलं तरी, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महानगरपालिकेची परवानगी लागते. उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. आमची माणसं परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय कुऱ्हाड उचलत नाहीत.

ओळखीसाठी येताना वीतभर फांदी आणा, पानांसकट. फूल किंवा फळ असेल तर तेही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, म्हणजे उन्हात कोमेजत नाही. ओळख सांगायचे पैसे घेत नाही.