डी ७० ते डी ७५०० : मधल्या तेरा वर्षांत काय घडलं

कोल्हापुरातले लग्नाचे फोटोग्राफर एकेक करून आरसा नसलेल्या 'मिररलेस' कॅमेऱ्यांकडे वळले आणि त्यांनी वापरलेल्या आरशाच्या डीएसएलआर बॉडी (लेन्सविना कॅमेरे) सेकंडहँड बाजारात आल्या. पत्रकारिता शिकणारी, तालमीत आणि मैदानात फोटो काढणारी मुलं त्यातली एखादी हेरून ठेवतात आणि विचारायला येतात, "दादा, जुना स्वस्तात मिळतोय तो घेऊ, की थोडे पैसे साठवून नंतरचा घेऊ?" दुसरा प्रश्न हमखास मेगापिक्सेलचा असतो. माझ्याकडे २००४ साली आलेला निकॉन डी ७० आहे आणि २०१७ साली आलेला डी ७५००ही आहे. दोन्ही अजून चालतात. दोन्हींत काय फरक आहे हे सांगायचं तर मेगापिक्सेल बाजूला ठेवून प्रकाशापासून सुरुवात करावी लागते.

या गावात प्रकाश आणि कॅमेरा यांचं नातं तसं जुनं आहे. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ आणि कलेत एकजीव होते. स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास दोघांनी घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला आणि त्याच्यावर त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निघाले. पुढे त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं, कारण सूर्य मावळला की काम थांबणं त्यांना परवडत नव्हतं. खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीत कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. मी त्याच्यासमोरून जाताना हेच मनात येतं की शंभर वर्षांपूर्वीची अडचण आणि माझी अडचण एकच आहे : उजेड कमी पडतो.

डिजिटल एसएलआरची सुरुवात १९९१ साली कोडॅकच्या डीसीएसपासून धरतात. निकॉन एफ ३ या फिल्मच्या कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जोडलेला होता आणि फोटो साठवायची २०० एमबीची पेटी वेगळी खांद्याला लावून हिंडावं लागे. वृत्तसंस्थांखेरीज ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. १९९९ साली निकॉनने डी १ आणला, २.७ मेगापिक्सेलचा आणि बॉडीपासून स्वतः घडवलेला. तिथून वृत्तपत्रांच्या फोटो विभागातून फिल्म हळूहळू हद्दपार झाली. सामान्य माणसापर्यंत मात्र हे पोचलं २००३ साली, कॅननच्या ३०० डीमुळे. ६.३ मेगापिक्सेल आणि अमेरिकेत एक हजार डॉलरच्या आत किंमत. निकॉनने लगेच पुढच्या वर्षी डी ७० काढून उत्तर दिलं. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी रोल धुण्याची खोली बंद करून संगणक मांडला, तो साधारण याच पिढीच्या कॅमेऱ्यांच्या जोरावर.

डी ७०मध्ये सीसीडी सेन्सर आहे, डी ७५००मध्ये सीमॉस. दोघांचा आकार जवळपास सारखाच, साधारण २४ बाय १६ मिलिमीटर. फरक आहे तो आत जमलेला प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत. अंबाबाईच्या दर्शनाची रांग एकाच दारातून बाहेर पडावी, तसं सीसीडीत प्रत्येक पिक्सेलचा विद्युतभार शेजाऱ्याकडे, त्याच्या शेजाऱ्याकडे असं सरकत जाऊन शेवटच्या एका टोकाला मोजला जातो. सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचं प्रवर्धक असतं, भार सरकवावा लागत नाही. सुरुवातीच्या सीमॉसची अडचण ही होती की हे लाखो प्रवर्धक अगदी एकसारखे नसत आणि चित्रात खरखर दिसे. २००० साली कॅननने डी ३०मध्ये ती खरखर सेन्सरवरच वजा करायची सोय करून दाखवली. नंतर मोजणीचं सर्किटही सेन्सरच्या चिपवर आलं, पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगं एकमेकांना भिडली आणि वाया जाणारा प्रकाश कमी झाला. म्हणूनच डी ७५००चे पिक्सेल आकाराने लहान असूनही अंधारात त्याचा फोटो स्वच्छ येतो. पिक्सेल मोठा तर फोटो चांगला, हे एकाच पिढीत ठीक आहे. दोन पिढ्यांत ते लागू पडत नाही.

हे कागदावर वाचून समजत नाही, खासबागेत समजतं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं हे मैदान. मोठी कुस्ती लागेपर्यंत सूर्य गेलेला असतो आणि दिव्यांचा उजेड आखाड्याच्या मध्यभागी बरा, कडेला कमी. डी ७०वर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६००च्या पुढे नेता येत नाही, आणि मला विचाराल तर ८००च्या पुढे जाववत नाही. लेन्सचं तोंड एफ २.८ इतकं मोठं उघडून ८०० ठेवलं तर शटर १/६० सेकंदावर येतं. मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे असतील तोवर फोटो ठीक. ढाक हा डाव लागला, की वर उचललेल्या मल्लाच्या पायांचा नुसता पट्टा उमटतो. डी ७५००वर मी निर्धास्तपणे ६४०० ठेवतो. तीन पट्टी जास्त (दर पट्टीला दुप्पट), म्हणजे शटर १/५००. त्या फोटोत मल्ल हवेत आडवा आहे, पाठ अजून मातीला टेकलेली नाही, आणि टाचेमागून उडालेल्या तांबड्या मातीचे खडे सुटे सुटे मोजता येतात. डी ७०च्या काळात आम्ही डाव लागण्याआधीचा क्षण टिपायला शिकलो, कारण डाव टिपता येत नव्हता. तेव्हाचे कुस्तीचे फोटो पाहिलेत तर खडाखडीचेच जास्त दिसतील. त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

आता मेगापिक्सेल. डी ७०चा फोटो ३००८ बाय २००० ठिपक्यांचा, म्हणजे ६ मेगापिक्सेल. ८ बाय १२ इंचांची प्रिंट काढली तर इंचाला २५० ठिपके मिळतात. भिंतीवर लावायला उत्तम. जोवर लग्नाचा अल्बम म्हणजे ५ बाय ७चे फोटो खोचलेली वही होती, तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग करिझ्मा अल्बम आला. उघडला की १२ बाय ३६ इंचांचं एक सलग पान, आणि नवरा-नवरीचा एकच फोटो पूर्ण पानभर हवा. तिथे डी ७०चे इंचाला ८३ ठिपके उरतात आणि पापण्या पुसट होतात. डी ७५००च्या ५५६८ ठिपक्यांनी तो आकडा १५४वर जातो. लग्नाच्या धंद्यात मेगापिक्सेलचा आग्रह वाढला त्यात कॅमेरा कंपन्यांच्या जाहिरातींइतकाच या अल्बमचाही हात आहे.

जुन्या सीसीडीचे रंग जास्त गोड, असं हल्ली बरेच जण ठामपणे सांगतात. मी हळदीच्या कार्यक्रमात दोन्ही कॅमेरे रॉवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोवर) ठेवून, व्हाइट बॅलन्स सारखा करून पाहिला. हळदीचा पिवळा आणि नवरीच्या गालाचा रंग यांत मला जेमतेम फरक दिसला. जेपेगवर मात्र फरक आहे, कारण तिथे कॅमेऱ्यातली रंगप्रक्रिया बोलते. रंगासाठी म्हणून जुनी बॉडी घेऊ नये, असं माझं मत आहे.

जुना सरस कुठे ठरतो, तर फ्लॅशमध्ये. डी ७०च्या सीसीडीला वेगवान शटरचं काम स्वतःच विजेच्या जोरावर करता येई, त्यामुळे फ्लॅश थेट १/५००ला जुळतो. डी ७५००वर तो नेहमीच्या पद्धतीने १/२५०ला जुळतो. भर दुपारी रंकाळ्यावर जोडप्याच्या चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने भरून काढायची असेल, तर ही एक पट्टी फार उपयोगी पडते. रंकाळ्याच्या पाण्यावरची चमक मागे असताना मी आजही कधीकधी जुनाच काढतो.

धुळीच्या बाबतीत मात्र जुन्याला सांभाळावं लागतं. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की हवाच गुलालाची होते. एका वर्षी तिथे मी डी ७०ची लेन्स बदलली. घरी येऊन आकाशाचा फोटो उघडला तर वरच्या कोपऱ्यात सात-आठ काळपट डाग. मेनूतून आरसा वर उचलून ठेवला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर सेन्सरवरच्या काचेवर गुलाबी कण बसले होते. रबरी ब्लोअर मारून सहा उडाले, दोन चिकटून राहिले, कारण गुलालाला घामाचा ओलावा लागला होता. शेवटी ओल्या स्वॅबने काढले. सेन्सरवरची काच थरथरवून धूळ झाडायची कल्पना ऑलिंपसने २००३ साली ई १मध्ये आणली, निकॉनमध्ये ती २००७च्या डी ३००पासून दिसू लागली. डी ७५००मध्ये ती आहे. कोरडी धूळ तिने जाते, चिकटलेला गुलाल जात नाही. डोंगरावर लेन्स बदलायची नाही, हा नियम दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच.

व्हिडिओबद्दल थोडक्यात : डी ७०वर तो नाहीच. २००८ साली निकॉन डी ९० आणि कॅनन ५ डी मार्क टू आले आणि फोटोवाला नि शूटिंगवाला यांच्यातली भिंत पडली. डी ७५०० फोर के करतो.

नव्यात सगळंच वाढलं असंही नाही. आधीच्या डी ७२००मध्ये कार्डाच्या दोन खाचा होत्या, डी ७५००मध्ये एकच ठेवली. एका लग्नात अक्षता पडायच्या आधीच माझं कार्ड वाचता येईना, कॅमेऱ्याने फोटो दाखवणंच थांबवलं. हळदीचे फोटो परत मिळवायला दोन रात्री गेल्या आणि सगळे मिळाले नाहीत. त्या घरच्या आजींचा नातवाला हळद लावतानाचा फोटो त्यातच गेला. तेव्हापासून एक खाच असलेला कॅमेरा मी लग्नात एकटा नेत नाही. लग्नं करायची असतील त्या मुलांना मी डी ७२०० किंवा डी ७५० शोधायला सांगतो. कुस्ती, यात्रा, बातमी असेल तर डी ७५००.

घेताना शटर काउंट बघावा. डी ७५००चं शटर दीड लाख वेळा चालेल अशा हिशेबाने तपासलेलं आहे, आणि लग्नाच्या एका मोसमात तीस-चाळीस हजार सहज होतात. नंतर पकडीचं रबर सुटलंय का, खाचेतल्या पिना सरळ आहेत का. डी ७०मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड जातं. ते तिरकं घुसवलं की आतली पिन वाकते.

राहिली लेन्स. निकॉनची एफ माउंट, म्हणजे लेन्स जोडायची खाच, १९५९ सालची. माझी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर चालते. तिच्या अॅपर्चर रिंगवर (तोंड लहान-मोठं करायच्या कड्यावर) २२ हा आकडा नारिंगी आहे. रिंग त्यावर आणून ठेवली नाही, तर दोन्ही कॅमेरे फोटो काढत नाहीत आणि पडद्यावर 'एफ ई ई' लुकलुकत राहतं. नवखा मुलगा कॅमेरा बिघडला म्हणून धावत येतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं. या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, बॉडीतला छोटा स्क्रू तिला फिरवतो, आणि तो स्क्रू डी ७०मध्येही आहे, डी ७५००मध्येही. २०१८ साली निकॉनने मिररलेससाठी झेड माउंट आणली आणि जुन्या लेन्ससाठी अॅडॉप्टर दिला. त्या अॅडॉप्टरमध्ये तो स्क्रू नाही. मित्राच्या झेड ६वर मी ही लेन्स लावून पाहिली. फोटो सुंदर येतो, पण फोकसची रिंग हाताने फिरवावी लागते, आणि खासबागेत ढाक लागते तेव्हा तेवढा वेळ मिळत नाही.