‘रीइन्स्टॉल नाऊ’ आणि ‘रीसेट पीसी’: एकाच पानावरची दोन बटणे

नवा लॅपटॉप घरी आला तरी त्यावरची विंडोज ११ पुष्कळदा एक-दोन आवृत्त्या जुनी असते, कारण यंत्र कारखान्यातून निघून इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एखाद्या दुकानाच्या कपाटात येईपर्यंत आणि तिथून विकले जाईपर्यंत बराच काळ गेलेला असतो. २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि २५एच२ सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. या दोहोंचा गाभा एकच असल्यामुळे २४एच२ वरून २५एच२ वर जाणे हे एका लहान पॅकेजचे आणि एका रीस्टार्टचे काम आहे. यंत्रावर त्याआधीची २३एच२ असेल तर मात्र जवळजवळ सगळी प्रणाली नव्याने बसते, आणि अडचणी बहुतेक इथेच उद्भवतात: आवाज बंद होतो, वायफाय दिसेनासे होते, स्टार्ट मेनू उघडत नाही, किंवा पुढचे प्रत्येक अपडेट अर्ध्यावरून परत फिरते.

अशा वेळी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘रिकव्हरी’ हे पान उघडले की दोन पर्याय जवळजवळ दिसतात. ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट’ या ओळीपुढे ‘रीइन्स्टॉल नाऊ’ असते आणि ‘रीसेट धिस पीसी’ या ओळीपुढे ‘रीसेट पीसी’. दोन्ही विंडोज पुन्हा बसवतात, दोन्हींना वेळ लागतो, दोन्हींमध्ये यंत्र अनेकदा बंद-चालू होते. दुसऱ्यात ‘कीप माय फाइल्स’ असा पर्याय दिला असल्यामुळे दोन्ही सारखेच निर्धोक आहेत असा समज होतो. तो खरा नाही, आणि फरक कामाला सुरुवात केल्यानंतर नव्हे तर आधी समजला पाहिजे.

‘रीइन्स्टॉल नाऊ’ हे दुरुस्तीचे साधन आहे. चालू असलेलीच आवृत्ती इंटरनेटवरून पुन्हा उतरवली जाते, विंडोजच्या स्वतःच्या फाइली बदलल्या जातात, आणि तुमच्या फाइली, तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम व सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. डाउनलोड काही जीबींचे असते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटपेक्षा घरचे ब्रॉडबँड आणि बॅटरीपेक्षा चार्जर बरा. काम संपल्यावर टॅली, प्रिंटर, ब्राउझरमधले बुकमार्क हे सगळे पूर्वीसारखेच सापडते. अपग्रेडच्या वेळी विंडोजची एखादी फाइल बिघडली असेल, आणि स्टार्ट मेनू न उघडणे किंवा अपडेट न बसणे ही पुष्कळदा तशीच लक्षणे असतात, तर दोष इथेच मिटण्याची चांगली शक्यता असते.

‘रीसेट’ मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी राहतात त्या मुख्यतः दस्तऐवज, छायाचित्रे आणि डेस्कटॉपवरच्या फाइली. ‘विंडोज’, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘प्रोग्रॅमडेटा’ या फोल्डरांत असलेले, तसेच प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरातले काहीही टिकत नाही. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांची एक यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते, पण ते प्रोग्रॅम पुन्हा मिळवून बसवण्याचे काम तुमचेच असते.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांनी इथे विशेष थांबावे. आपण बसवलेले फॉन्ट एकतर ‘विंडोज’ मधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात जातात किंवा, एकाच वापरकर्त्यापुरते बसवले असतील तर, ‘ॲपडेटा’ मध्ये. म्हणजे रीसेटमध्ये दोन्हीकडचे जातात. गणेशोत्सवाची स्मरणिका श्रीलिपीत जुळवलेली असेल, किंवा कार्यालयाची हिंदी पत्रे कृतिदेवमध्ये टंकलेली असतील, आणि आपल्या मध्य प्रदेशात तशी असंख्य आहेत, तर फाइल शाबूत राहूनही उघडल्यावर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, कारण या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, तोच फॉन्ट पुन्हा बसवला की तो परत वाचता येतो. परंतु वर्षांपूर्वी कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेला तो फॉन्ट आता कुठून आणायचा हा प्रश्न उरतो. म्हणून नव्या लॅपटॉपवर फॉन्ट चढवताना त्यांची एक प्रत डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवणे ही मला या कामातली सर्वांत गरजेची खबरदारी वाटते.

ब्राउझरचेही तसेच आहे. क्रोम आणि फायरफॉक्स आपले बुकमार्क व साठवलेले पासवर्ड ‘ॲपडेटा’ मध्येच ठेवतात, त्यामुळे खात्याशी सिंक केलेले नसेल तर तेही रीसेटबरोबर जातात. सियागंजातल्या व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर टॅली असेल तर डेटा फोल्डर नेमका कोणता आहे ते प्रोग्रॅममध्येच पाहून त्याची प्रत बाहेर काढावी आणि परवाना आधी ‘सरेंडर’ करावा, म्हणजे त्या यंत्रावरून मोकळा करावा. लॅपटॉपबरोबर मिळालेले ऑफिस मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असते, त्यामुळे ते पहिल्यांदा सुरू करताना कोणता ईमेल वापरला होता हे माहीत असले की ते पुन्हा उतरवता येते.

दोन्ही बटणांच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अशी की अपग्रेड पूर्णच झाले नाही आणि यंत्र आपणहून जुन्या आवृत्तीवर परतले, तर यांतले कोणतेच बटण दाबण्याची घाई करू नये. ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा दोषसंकेत बहुधा ड्रायव्हरकडे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग विंडोजशी जोडणाऱ्या लहान प्रोग्रॅमकडे, बोट दाखवतो, आणि ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर पुरेशी जागा नाही. नव्या लॅपटॉपवर जागा कमी पडेल असे कुणाला वाटत नाही. पण दुकानातच डिस्कचे भाग पाडून सी ड्राइव्ह लहान ठेवलेला असेल तर तसे घडू शकते. ड्रायव्हरचा दोष असेल तर डॉक, प्रिंटर, पेनड्राइव्ह हे सगळे काढून, लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचे ड्रायव्हर आणि बायोस (विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करावा. दुरुस्तीचे बटण बसलेले ड्रायव्हर पुढे तसेच नेते, म्हणून सदोष ड्रायव्हर त्याने बरा होईलच असे नाही. केवळ आवाज किंवा केवळ वायफाय गेले असेल तेव्हाही आधी ड्रायव्हरच पाहावा.

दुसरी गोष्ट ‘गो बॅक’ ची. पूर्ण अपग्रेड झाल्यावर जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात १० दिवस राहते आणि तेवढ्या काळात त्याच रिकव्हरी पानावरून मागे परतता येते. जागा मोकळी करण्याच्या नादात तो फोल्डर पुसला, किंवा रीसेट केले, की ही वाट बंद होते. अपग्रेडपूर्वी सर्व ठीक होते आणि नंतरच बिघडले, अशी खात्री असेल तर पहिल्या १० दिवसांत हाच मार्ग सर्वांत साधा आहे.

नव्या लॅपटॉपांवर डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय) पुष्कळदा आपोआप सुरू होते, होम आवृत्तीवरसुद्धा, आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की पहिल्यांदा साइन-इन केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठते. बायोस बदलल्यावर किंवा यंत्र सुरूच होत नसताना बाहेरून दुरुस्ती करायला गेल्यावर निळा पडदा हीच की मागतो. दुकानातल्या माणसाने ‘सगळे सेट करून देतो’ म्हणत स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप सुरू केला असेल, तर की त्याच्या खात्यात आहे. म्हणून कुठलीही दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी आपल्या खात्यात ती दिसते की नाही हे पाहावे आणि कागदावर उतरवून ठेवावी.

काही यंत्रांवर, विशेषतः कंपनीने किंवा संस्थेने नियंत्रित केलेल्या लॅपटॉपवर, ‘रीइन्स्टॉल नाऊ’ दिसत नाही. घरच्या यंत्रावर तसे झाले तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज बसवण्याची संपूर्ण प्रत, उतरवून, चालू विंडोजमध्येच ती उघडून, आतला सेटअप चालवता येतो. परिणाम तोच, फक्त ‘फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवा’ हा पर्याय निवडता येतो याची खातरजमा करावी. तो फिका पडलेला असेल तर आयएसओची भाषा आणि मूळ विंडोजची भाषा जुळत नसण्याची शक्यता असते. यूएस इंग्रजी आणि इंटरनॅशनल इंग्रजी या सेटअपच्या लेखी वेगळ्या भाषा आहेत. पडद्यावरची भाषा मराठी केलेली असली तरी पाया इंग्रजीचाच असतो, म्हणून आयएसओ इंग्रजीतलीच हवी.

तर मग रीसेट केव्हा? दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, घातक सॉफ्टवेअर शिरल्याचा दाट संशय असला, किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असला तर. रीसेटमध्ये ‘लोकल रीइन्स्टॉल’ यंत्रावरच्याच फाइली वापरते, त्यामुळे त्याच बिघडलेल्या असतील तर ‘क्लाउड डाउनलोड’ निवडावे. रीसेट स्वतःही अडकू शकते: १२ ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर २३एच२ आणि २२एच२ वर ते अयशस्वी होऊ लागले होते आणि मायक्रोसॉफ्टला १९ ऑगस्टला तातडीचे दुरुस्ती अपडेट द्यावे लागले. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘चेंज सेटिंग्ज’ मध्ये सर्व ड्राइव्ह पुसण्याचा आणि डेटा पूर्ण साफ करण्याचा पर्याय चालू करावा, अन्यथा डी ड्राइव्हवरचे घरचे फोटो आणि हिशेब नव्या मालकाकडे जातील.