त्सुंदेरे: साच्याच्या आधीची गोष्ट

नायकावर सतत खेकसणारी, त्याच्याकडे बघून नाक मुरडणारी, पण आतून त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी दिसली की ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका पाहणारं कुणीही लगेच म्हणतं, ‘ही त्सुंदेरे’. तिच्यामागून यांदेरे, कूदेरे, दांदेरे अशी भावंडं येतात. ही वर्गवारी जपानी चित्रकथांमध्ये पहिल्यापासून असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ‘त्सुंदेरे’ हा शब्द २००२च्या सुमाराचा आहे, आणि तो कुणा लेखकाने घडवलेला नाही. जपानी इंटरनेटवरच्या निनावी चर्चाफलकांवर तो जन्मला.

निमित्त होतं ‘किमी गा नोझोमु एइएन’ हा २००१चा कॉम्प्युटर गेम. गेम म्हणायचं, पण खरं तर ती चित्रं आणि आवाज असलेली कादंबरीच. मधूनमधून खेळणाऱ्याने पर्याय निवडायचा आणि कथा त्या वाटेने जाते. मुख्य गोष्ट चांगलीच जड आहे. नायकाची प्रेयसी अपघातानंतर तीन वर्षं बेशुद्ध असते, आणि ती शुद्धीवर येते तेव्हा तो तिच्याच मैत्रिणीत गुंतलेला असतो. या सगळ्यात दाइकुजी आयु ही रेस्तराँत काम करणारी, नायकाला येताजाता घालूनपाडून बोलणारी दुय्यम नायिका. तिची वाट धरली तर मात्र ती हळूहळू विरघळते. फलकांवरच्या लोकांनी तिच्या तुसडेपणासाठी ‘त्सुनत्सुन’ आणि लाडात येण्यासाठी ‘देरेदेरे’ हे जपानीतले दोन रोजचे शब्द जोडले आणि काम भागवलं.

शब्द गेमच्या निमित्ताने जन्मला, हा योगायोग नव्हे. १९९२चा ‘दोक्यूसेइ’ आणि १९९४चा ‘तोकिमेकी मेमोरियल’ यांनी प्रेमकथेच्या गेमची चौकट बसवून दिली होती: नायक एक, मुली अनेक, आणि प्रत्येकीपर्यंत पोचायची वाट वेगळी. अशा रचनेत प्रत्येक मुलगी पहिल्या दोन संवादांत ओळखू यावी लागते. त्यात फणकारणारी मुलगी फार सोयीची, कारण तिचं मन वळवल्यावर खेळणाऱ्याला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. हिरोकी अझुमा या समीक्षकाने २००१मध्येच मांडलं होतं, की नवे चाहते अख्ख्या कथेपेक्षा सुट्या घटकांवर जीव लावतात. केसांची ठेवण, कपडे, बोलण्याची ढब, स्वभाव, सगळं जणू एका मोठ्या साठ्यातून उचलून पात्र जोडलं जातं. ‘त्सुंदेरे’ हे त्या साठ्यातल्या एका खणावर लावलेलं लेबल ठरलं.

लेबल लागलं तसं ते मागच्या पात्रांनाही चिकटवलं गेलं. १९८४च्या ‘किमागुरे ऑरेंज रोड’मधली मादोका, १९९५च्या ‘इव्हँजेलियन’मधली आसुका, इतकंच काय, मुलींसाठीच्या ‘हाना योरी दांगो’ (१९९२) या मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, घमेंडखोर नायक दोम्योजीसुद्धा. काही ठिकाणी ते बसतं. पण रुमिको ताकाहाशींच्या ‘रानमा १/२’ या मांगामधल्या (१९८७) आकानेला हा शब्द लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं. तिचं लग्न बापाने परस्पर ठरवलेलं आहे. तिला हरवेल त्यालाच तिच्याबरोबर फिरता येईल असं शाळेतल्या एका दीडशहाण्याने जाहीर केल्यामुळे रोज सकाळी पोरांची टोळी फाटकाशीच तिच्यावर तुटून पडते. एवढ्यावर मुलगी चिडणार नाही तर काय करणार? तिच्या रागाला कारण आहे. साच्यातल्या रागाला ते लागत नाही.

खरी भरभराट २००५ ते २००८ या काळात झाली. ‘शाकुगान नो शाना’मधली शाना, ‘झीरो नो त्सुकाइमा’मधली लुईझ, ‘हायाते’मधली नागी, ‘तोरादोरा’मधली ताइगा या चौघींना एकाच कलावतीचा आवाज आहे: रिए कुगिमिया. चाहत्यांनी तिला त्सुंदेरेंची राणीच करून टाकलं. २००६मध्ये हा शब्द जपानच्या वार्षिक नवशब्द पुरस्काराच्या नामांकनांत पोचला. ‘तुझ्यासाठी नाही केलं हं काही, उगाच गैरसमज नको!’ या धाटणीचं वाक्य तर इतकं ठरीव झालं, की त्यावर विनोद होऊ लागले.

आणि इथेच अर्थ सरकला. आयुच्या बाबतीत शब्द कथेचा प्रवास सांगत होता: आधी तुसडेपणा, मग बऱ्याच घडामोडींनंतर माया. आता तो एकाच प्रसंगात उलटसुलट होणाऱ्या स्वभावाचं नाव झाला. या वाक्याला थप्पड, पुढच्या वाक्याला लाजणं. आपल्याकडच्या अष्टनायिकांमध्ये भांडून प्रियकराला घालवणारी आणि मागून पस्तावणारी कलहांतरिता आहे. पण ती अवस्था आहे, तीच नायिका उद्या प्रियकराला भेटायला निघणारी अभिसारिका होऊ शकते. लुईझला ती मुभा फारशी मिळत नाही. ताइगाला मिळते, म्हणून ‘तोरादोरा’ या चौघींच्या मालिकांत मला उजवी वाटते.

बाकीची नावं याच नमुन्यावर पाडलेली. ‘कूल’वरून कूदेरे: थंड चेहऱ्याची, ‘हारुही सुझुमिया’मधल्या युकी नागातोसारखी. दांदेरे म्हणजे गप्प बसणारी, त्यात फार काही नाही. यांदेरेची कथा मात्र वेगळी. प्रेमापायी मन आजारी होऊन हिंसेवर उतरणारी ही नायिका २००५च्या ‘स्कूल डेज’ गेममुळे गाजली. १८ सप्टेंबर २००७ला त्याच्या ॲनिमेचा शेवटचा भाग दाखवायचा होता; त्याच दिवशी क्योतो प्रांतात एका किशोरवयीन मुलीने वडिलांचा कुऱ्हाडीने खून केल्याची बातमी आली. वाहिनीने भाग रोखला आणि निसर्गदृश्यं दाखवली. त्यातल्या एका बोटीवर कुणीतरी ‘नाइस बोट’ असा शेरा मारला आणि तो जगभर थट्टेचा विषय झाला. २०११मध्ये ‘मिराई निक्की’च्या युनोने या प्रकाराला कायमचा चेहरा दिला.

तोवर पात्रांनाही आपली लेबलं कळू लागली होती. २००९च्या ‘बाकेमोनोगातारी’ या ॲनिमेमध्ये नायिका सेंजोगाहारा ‘त्सुंदेरे’ हा शब्द स्वतःसाठीच वापरते. आणि २०१७मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ या गेमने लाजरी, फणकारी अशा ठरलेल्या मुली वाङ्मय मंडळात एकत्र बसवल्या. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं गोडीगुलाबीचं. मग त्यांतल्या एकीला कळतं, की आपण गेममधलं पात्र आहोत आणि आपल्या वाट्याला वाटच ठेवलेली नाही. ती इतरांच्या फाइली पुसायला घेते.