गाण्यांच्या क्रमवारीचे स्मरणरंजन (सांगली परिसर)

दूरचित्रवाणीवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी चालू चित्रपटगीते खालच्या क्रमांकावरून पहिल्याकडे दाखवत नेणारे कार्यक्रम बंद पडून बराच काळ लोटल्यावरही त्यांच्या प्रेक्षकांत टिकून राहिलेली ओढ. सांगली-मिरज परिसरात ती मुख्यतः १९९० नंतरच्या दशकात शाळा-महाविद्यालयांत असलेल्या पिढीत आढळते. तिचे वैशिष्ट्य असे, की आठवणाऱ्या कार्यक्रमात गाण्यांना क्रमांक होतेच असे नाही. क्रमांकांची गोडी रेडिओने लावली, चित्रे दूरदर्शनने पुरवली आणि स्मृतीत दोहोंची सरमिसळ झाली.

क्रमवारीचे मूळ श्रीलंकेतील रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त आहे. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि ही गाणी ऐकण्यासाठी श्रोता सिलोनकडे वळला. निवेदक अमीन सयानी गाण्यांची ‘पायदान’, म्हणजे क्रमांकाची पायरी, जाहीर करत. ती ठरवताना तबकड्यांचा खप पाहिला जाई आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही विचारात घेतली जाई. सांगलीला १९६३ मध्ये आकाशवाणीचे केंद्र आले, मराठी गाण्यांसाठी ‘आपली आवड’ होतीच. तरीही बुधवारी रात्री आठला लघुलहरींवर सिलोन शोधण्याची सवय अनेक घरांनी सोडली नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील ‘छायागीत’ आणि पुढे देशभर दिसणारा ‘चित्रहार’ हे गाण्यांचे कार्यक्रम होते, क्रमवारीचे नव्हेत; गाणी एकापाठोपाठ एक येत आणि कोणते वरचढ हे घरातली माणसे आपापसात ठरवत. आज मात्र अनेक जण ‘चित्रहारमध्ये पहिला नंबर’ लागलेल्या गाण्याची आठवण खात्रीने सांगतात. १९८०च्या दशकात मोठ्या केंद्राचे कार्यक्रम आसपास पोहोचवणारी लहान सहक्षेपण केंद्रे वाढली, तरी चित्र स्वच्छ दिसेलच याचा भरवसा नसे. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं... गेलं, जरा मागं घे’ असे ओरडायचे आणि चित्र स्थिरावेपर्यंत गाण्याचे शेवटचे कडवे उरायचे. ज्यांच्याकडे संच नव्हता ते शेजाऱ्यांच्या सोप्यात बसत. मुले पुढे सतरंजीवर, थोरली माणसे मागे आणि उशिरा आलेले दारात उभे, ही मांडणी रामायण-महाभारताच्या रविवारइतकीच गाण्यांच्या संध्याकाळीही ठरलेली असे.

खऱ्या अर्थाने क्रमवारी दाखवणारा आणि या भागात गाजलेला कार्यक्रम म्हणजे दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरील ‘सुपरहिट मुकाबला’. रॅप गायक बाबा सेहगल त्याचे निवेदन करी. १९९३ मध्ये ही वाहिनी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांसाठी आकाराला आली. त्यामुळे सांगलीसारख्या शहरात ती अँटेनावर नव्हे, केबलच्या तारेवरून आली. येथील आठवणींत बाबा सेहगलइतकाच केबलवाला येतो, तो यामुळेच. ऐन पहिल्या क्रमांकाला तार तुटणे किंवा लाइट जाणे हा या आठवणींतला हमखास प्रसंग. झी टीव्हीवरील ‘फिलिप्स टॉप टेन’मध्ये सतीश कौशिक यांचे विनोदी प्रवेश गाण्यांना जोडलेले असत, आणि काहींना गाण्यांपेक्षा तेच अधिक आठवतात.

क्रमवारीचा खरा परिणाम पडद्याबाहेर, कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांत दिसे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट निवडायची आणि काही दिवसांनी ती भरून मिळे. यादीचा क्रम बहुधा त्या आठवड्याच्या क्रमवारीचाच असे. बाजू संपत आली की शेवटचे गाणे मध्येच तुटे. तेच गाणे आज कुठे पूर्ण लागले, तरी ऐकणारा त्या जागी थबकतो.

ब्रिटनमधील ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ते ३० जुलै २००६ असा आठवड्यागणिक चालला. त्याच्या आरंभीच्या अनेक भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या, पण उरलेल्या भागांपैकी १९७६ पासूनचे भाग २०११ पासून पुन्हा दाखवण्यास सुरुवात झाली. तेथील प्रेक्षकाला आपली आठवण ताडून पाहता येते. सांगलीच्या प्रेक्षकाकडे असा आधार क्वचितच असतो, म्हणून त्याची आठवण दुरुस्त न होता वाढत जाते.

या ओढीत तत्कालीन विरोधाचा विसर पडलेला दिसतो. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणारी घराणी आहेत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायन होते. अशा ठिकाणी गाण्याला नंबर लावणे ही कल्पनाच अनेक जाणत्यांना हास्यास्पद वाटे. गीतमालेत श्रोता संघांमुळे लहान गावालाही निदान शब्द होता. दूरचित्रवाणीवरील क्रमवारी कोण, कशी ठरवतो हे मात्र घरी बसलेल्या प्रेक्षकाला ठाऊक नसे. कॅसेट कंपन्यांचे वजन पडत असावे, ही शंका तेव्हाही घेतली जाई. शिवाय या याद्या हिंदी गाण्यांच्या होत्या. लग्नाच्या वरातीत बँड वाजवी त्या मराठी गाण्यांना त्यांत जागा नव्हती, आणि तरीही ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणताना ही पिढी आधी त्या याद्यांकडेच बोट दाखवते.